छायालेखन आणि जॅझ: किती ठरवायचं आणि किती मोकळं सोडायचं?

तुमचा प्रश्न मी असा समजतो. तुम्ही लघुपट शूट करता. एका छायालेखकाच्या बोलण्यात 'आमचं काम जॅझसारखं असतं' हे वाक्य तुम्ही ऐकलंत आणि ते मनात राहिलं. मग एक प्रसंग तुम्ही तसा करून पाहिलात: खोलीत भाऊ-बहीण, एक खिडकी, चार मिनिटांचं भांडण. शॉट डिव्हिजन (कोणता शॉट कुठून घ्यायचा याची आधीची आखणी) केलं नाही, कॅमेरा हातात घेतला आणि नटांच्या मागे फिरलात. संकलनाला बसल्यावर दोन टेक एकमेकांना जुळेनात. आधीचा प्रसंग कागदावर काटेकोर आखून केला होता, तो जुळला, पण पडद्यावर मेलेला वाटला. म्हणून विचारताय की ही जॅझची तुलना खरी आहे की नुसती बोलायची, आणि खरी असेल तर तयारी नेमकी किती करायची.

तुलना खरी आहे. पण त्या वाद्यवृंदात तुम्ही स्वतःला चुकीच्या खुर्चीवर बसवलंत असं मला वाटतं. जॅझ म्हटलं की डोळ्यांपुढे सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट वाजवणारा येतो, पुढे उभा राहून सुचेल ते वाजवणारा. छायालेखक तो नव्हे. तो मागे पियानोवर बसलेला वादक आहे. पुढे वाजवणारा तुमचा नट आहे. हे एकदा पक्कं झालं की काय ठरवायचं आणि काय सोडायचं याची उत्तरं आपोआप लागू लागतात.

आधी जॅझमध्ये प्रत्यक्ष काय चालतं ते पाहू. बऱ्याच जुन्या रचना ३२ बारच्या (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक गट) असतात, आठ-आठ बारचे चार तुकडे: पहिला, तोच पुन्हा, मग वेगळा, मग परत पहिला. ब्लूज असेल तर १२ बार. सुरुवातीला सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, तिला 'हेड' म्हणतात. मग तेच ३२ बारचं आवर्तन फिरत राहतं आणि एकेक वादक त्यावर आपला विस्तार करतो. शेवटी पुन्हा हेड. विस्तार कितीही मोकळा वाटला तरी मंचावरच्या प्रत्येकाला त्या क्षणी आपण कितव्या बारमध्ये आहोत आणि पुढचा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) कोणता हे ठाऊक असतं. बास आणि ड्रम ती चौकट धरून ठेवतात. पियानोवादक मधल्या मोकळ्या जागांत कॉर्ड टाकतो, कधी आधी, कधी उशिरा, कधी टाकतच नाही. याला 'कॉम्पिंग' म्हणतात. ख्यालाच्या मैफलीत चांगला संवादिनीवाला गायकाच्या श्वासाकडे लक्ष ठेवून जी साथ करतो, तिच्याशी याचं जवळचं नातं आहे.

तुमच्या प्रसंगात काय झालं? नट विस्तार करत होते आणि कॅमेराही विस्तार करत होता. बास आणि ड्रम कुणीच वाजवत नव्हतं. म्हणून जुळलं नाही. आणि कागदावरच्या प्रसंगात सगळेच फक्त हेड वाजवत होते, म्हणून तो निर्जीव झाला.

यात परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, ते आधी सांगून टाकतो. व्हीएफएक्सचा (संगणकावर दृश्य जोडण्याचा) शॉट, वस्तूची जाहिरात, स्टंट यांत कॅमेऱ्याची मोकळीक जवळजवळ शून्य. माहितीपटात ती सगळ्यांत जास्त. काही नट प्रत्येक टेकला एकाच शब्दावर एकाच जागी थांबतात. त्यांच्यासाठी खोलीभर प्रकाश करण्यात वेळ घालवू नका, त्यांच्या जागेवर बारकाईनं करा. काही नट दर वेळी वेगळे फिरतात. दिग्दर्शकाला लांब टेक आवडतात की तुकडे, यावरही ठरतं. खाली जे लिहितोय ते तुमच्या प्रसंगासारख्या कामाला धरून आहे: दोन-तीन पात्रं, एक जागा, अभिनयावर चालणारा प्रसंग.

पहिलं काम, चौकट. शूटच्या दिवशी ज्याला हात लावायचा नाही अशा गोष्टींची यादी छोटी हवी आणि पक्की हवी. मी त्यात प्रकाशाची दिशा, कॅमेऱ्याची बाजू, लेन्स, स्टॉप (लेन्सचं तोंड किती उघडं), रंगतापमान आणि शटर एवढं धरतो. शटर आणि रंग यांवर फार बोलण्यासारखं नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला २४ फ्रेम्स असतील तर शटर १७२.८ अंश, म्हणजे एक पन्नासांश सेकंद. ६० हर्ट्झवर १४४ अंश. नाहीतर खोलीतल्या दिव्यांची फडफड दिसू शकते. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची रंगाची जुळणी) आकड्यावर बंद करा, दिवसाच्या प्रकाशाला ५६०० केल्विन. आपोआप बदलणारं काहीही चालू ठेवू नका. कॅमेरा स्वतःहून एक्स्पोजर बदलतो तेव्हा चौकटच हलते, आणि ती संकलनात परत आणता येत नाही.

प्रकाशाची दिशा हा खरा मुद्दा आहे. खिडकी हा मुख्य प्रकाश धरा आणि कॅमेरा कायम तिच्या समोरच्या अर्ध्या भागात ठेवा, म्हणजे चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला. या एका निर्णयानं दोन कामं होतात. चेहऱ्याला उठाव येतो, कारण उजळ बाजू कॅमेऱ्यापासून पलीकडे राहते. आणि दोन पात्रांमधली अक्षरेषा (दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा, कॅमेरा जिच्या एकाच बाजूला ठेवायचा) बहुतेक वेळा आपोआप पाळली जाते, कारण तुम्ही खोलीच्या एकाच बाजूला फिरताय. खिडकीची भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूच्या भिंती दिसल्या तरी चालतील. चौथी भिंत दिसणार नाही, तिथे तुमचं सामान, ध्वनीवाला, काळा कपडा.

आता नटाला फिरायला मोकळीक द्यायची असेल तर प्रकाश जागेवर करावा लागतो, माणसावर नाही. इथे अंतराचं गणित उपयोगी पडतं. दिवा खोलीत स्टँडवर नटापासून १ मीटरवर असेल आणि नट ३ मीटरवर गेला, तर प्रकाश नऊपट कमी होतो, म्हणजे तीन स्टॉपहून थोडा जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). चेहरा हातातून गेला. तोच दिवा खिडकीबाहेर २ मीटरवर ठेवा. नट खिडकीपासून १ मीटर आत असताना दिव्यापासून ३ मीटर, आणि ३ मीटर आत गेल्यावर ५ मीटर. फरक साधारण दीड स्टॉप. दिवा खिडकीबाहेर ६ मीटरवर नेला तर ७ मीटर आणि ९ मीटर. फरक पाऊण स्टॉपच्या आत. आता बहीण रागानं उठून आत गेली तरी तिचा चेहरा वाचता येतो आणि तरीही ती 'आत गेली' हे प्रकाशातून कळतं. किंमत अशी की २ मीटरवरून ६ मीटरवर नेताना नटाच्या जागी जवळजवळ अडीच स्टॉप प्रकाश जातो. मोठा दिवा लागेल किंवा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवावा लागेल.

इथे एक चूक इतकी नेहमी होते की वेगळी सांगतो. दिवा लांब नेतात आणि मग मऊपणासाठी डिफ्यूजन (प्रकाश पसरवणारा पातळ कपडा किंवा कागद) थेट खिडकीच्या चौकटीवर ताणतात. त्या क्षणी प्रकाशाचा स्रोत दिवा राहत नाही, खिडकी होते. अंतर पुन्हा खिडकीपासून मोजलं जातं आणि १ मीटर ते ३ मीटर या प्रवासात तुम्ही जवळजवळ तिथेच परत येता. खिडकी मोठी असेल तर घट थोडी कमी, पण फरक मोठाच. डिफ्यूजनची चौकट दिव्याजवळ उभी करा, शक्य तेवढी मोठी. सावल्या थोड्या कडक होतील. मला तो सौदा मान्य आहे, कारण त्याबदल्यात नटाला अख्खी खोली मिळते.

बहीण खिडकीकडे पाठ करून उभी राहिली तर चेहरा अंधारात जाईल. किती अंधारात, ते आधी ठरवा. माझ्या पद्धतीत मुख्य प्रकाशापेक्षा दोन स्टॉप खाली ही अशा प्रसंगाची नेहमीची सावली, आणि तीन स्टॉप खाली ही तळाची मर्यादा. त्याखाली जात असेल तर चौथ्या भिंतीवर एक पांढरा बोर्ड, नसेल तर काहीही नको. ही मर्यादा गॅफरला (दिव्यांच्या प्रमुखाला) आकड्यात सांगा. 'थोडं डार्क चालेल' या वाक्याचा प्रत्येक जण वेगळा अर्थ लावतो.

लेन्स आणि स्टॉप एकत्र बघा, कारण ते फोकस पुलरचं (शॉट चालू असताना फोकस जुळवणाऱ्याचं) आयुष्य ठरवतात. सुपर ३५ सेन्सर आणि ०.०२५ मिलिमीटर अस्पष्टतेची मर्यादा धरली तर २ मीटर अंतरावर ५० मिमी लेन्सला टी १.४ वर (टीचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी) साधारण ११ सेंटीमीटरचाच पट्टा स्पष्ट मिळतो. टी २.८ वर साधारण २२ सेंटीमीटर. ३५ मिमी लेन्स टी ४ वर घेतली तर तोच ६५ सेंटीमीटरच्या पुढे जातो. तुम्ही लिहिलंय की तुमचा प्रसंग ५० मिमीवर आणि लेन्स पूर्ण उघडी ठेवून घेतला. नट मोकळा, कॅमेरा मोकळा आणि ११ सेंटीमीटरचा पट्टा: हे तिन्ही एकत्र कुणालाच पेलत नाही. फोकस पुलर हा तुमचा ड्रमर आहे. त्याला वाजवता येईल असा ताल द्या. ३५ मिमी एकच लेन्स, टी ४, अख्खा प्रसंग. चेहरा मोठा हवा तर जवळ जा, लहान हवा तर मागे या. लेन्स एकच राहिली की प्रेक्षकाला अंतर बदललेलं जाणवतं, आणि भांडणाच्या प्रसंगात अंतर हीच तर गोष्ट असते.

चौकटीत बदल जितके कमी, तितकी आत जागा जास्त. हे जॅझमध्ये एका ठिकाणी अगदी स्वच्छ दिसतं. १९५९ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या संचानं ध्वनिमुद्रित केलेल्या 'सो व्हॉट'मध्ये ३२ बार आहेत आणि त्यात स्वरसमूह फक्त दोन: १६ बार डी डोरियन (डी या स्वरापासूनची एक स्वरमालिका), ८ बार त्याहून अर्धा स्वर वरचा तोच प्रकार, ८ बार पुन्हा डी. त्याआधीच्या बीबॉप या जॅझशैलीत कॉर्ड दर बारला, कधी अर्ध्या बारला बदलायचे आणि वादकाचं निम्मं लक्ष ते बदल गाठण्यात जायचं. बदल कमी झाले तसा वादकाला सुरावर रेंगाळायला वेळ मिळाला. सेटवर हेच होतं. प्रत्येक शॉटला वेगळा दिवा, वेगळी लेन्स, वेगळा फिल्टर ठेवलात तर नट दर वीस मिनिटांनी थंड होतो आणि तुमचं लक्ष बदल गाठण्यात जातं. एक प्रकाश, एक लेन्स ठेवलीत तर तेच लक्ष चेहऱ्याकडे जातं.

आता कॅमेऱ्याच्या तालाबद्दल, कारण तुलनेचा सगळ्यांत खोल भाग माझ्या मते इथे आहे. २४ फ्रेम्सच्या हिशेबात मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर एक ठोका बरोबर १२ फ्रेम्सचा. सरळ वाजवलं तर त्याचे दोन भाग ६ आणि ६. स्विंग वाजवलं तर ढोबळमानानं ८ आणि ४. म्हणजे सपाट वाजणं आणि झुलणं यातला फरक दोन फ्रेम्सचा आहे. कॅमेरा चालवणाऱ्यानं हे मनात ठेवावं, कारण आपलाही खेळ एवढ्याच फ्रेम्सचा असतो.

नट खुर्चीतून उठतो तो शॉट घ्या. तुम्ही उठणं पाहिलंत आणि मग कॅमेरा वर नेलात, तर माणसाच्या प्रतिक्रियेला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, म्हणजे कॅमेरा पाच-सहा फ्रेम्स मागे. डोकं फ्रेमच्या वरच्या कडेला टेकतं आणि मग कॅमेरा धावतो. उलट संवाद पाठ असल्यामुळे तुम्ही 'आता उठणार' म्हणून निघालात तर कॅमेरा दोन-चार फ्रेम्स पुढे. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण पुढे काय होणार हे कॅमेऱ्याला आधीच माहीत होतं असं वाटतं आणि प्रसंग खोटा होतो. हवी ती जागा मधली आहे: कृतीच्या दोन-तीन फ्रेम्स मागे. ती गाठायला शरीर वाचावं लागतं. माणूस उठण्याआधी पाय मागे घेतो, मग धड पुढे झुकतं, मग वजन पावलांवर येतं आणि मगच खुर्ची सुटते. पाय मागे गेले की हात तयार ठेवा, धड झुकलं की निघा. मान वळण्याआधी बहुधा डोळे वळतात. डोळे हलले की तयारी, हनुवटी हलली की पॅन (कॅमेरा आडवा वळवणं). बोलण्याआधी श्वास घेतला जातो, खांदे किंचित उचलतात. एक डोळा व्ह्यूफाइंडरला आणि दुसरा उघडा ठेवायचा तो याचसाठी, नाहीतर फ्रेमबाहेरचे पाय दिसणार कसे? हेडफोन लावून संवाद ऐकत चालवा. ऐकत नसलेला पियानोवादक साथ करू शकत नाही.

आणि बोलणाऱ्याकडे दर वेळी वळू नका. संवाद पाठ असलेला ऑपरेटर एकाकडून दुसऱ्याकडे टेनिसच्या चेंडूसारखा फिरतो. भावाचं वाक्य चालू असताना बहिणीवर थांबा, तिचा चेहरा बदलला की मग जा, किंवा जाऊच नका. वाक्य कानाला ऐकू येतंय, ते डोळ्यांना पुन्हा सांगायची गरज नाही. जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स डाव्या हातानं कॉर्ड वाजवताना त्यातला मूळ स्वर बऱ्याचदा गाळायचा, कारण तो स्वर बासवाला वाजवतच असतो. हाताची बोटं मोकळी झाली ती कॉर्डच्या बाकीच्या, रंग देणाऱ्या स्वरांसाठी. छायालेखनात हा हिशेब सतत करावा लागतो. दार आपटल्याचा आवाज ध्वनीत असेल तर दार दाखवू नका. भिंतीचा रंगच उदास असेल तर प्रकाशही निळा करू नका. दुसऱ्या कुणी वाजवलेला स्वर तुम्ही सोडलात की तुम्हाला दुसरं काही दाखवता येतं.

तयारी आणि मोकळीक एकत्र कशी नांदते याचं एक उदाहरण छायालेखन आणि जॅझ दोन्हींत एकाच चित्रपटात सापडतं. दिग्दर्शक लुई माल यांच्या 'आसांसर पूर लेशाफो'मध्ये छायालेखक आंरी दकाए यांनी अभिनेत्री जान मोरोला रात्रीच्या पॅरिसमध्ये शांझ एलिझे या रस्त्यावर चालताना टिपलं. वेगवान कृष्णधवल फिल्म, कॅमेरा बाबागाडीत ठेवलेला आणि चेहऱ्यावर फक्त दुकानांच्या काचांमधून येणारा उजेड. ती चालते तसा चेहरा उजळतो, विझतो, पुन्हा उजळतो. यात अपघात काही नाही. रस्ता निवडलेला आहे, फिल्म निवडलेली आहे, गाडीची चाल ठरलेली आहे. मोकळं आहे ते तिचं चालणं, आणि दोन दुकानांमधल्या अंधारात दिवा न लावण्याचा निर्णय पाळलेला आहे. त्याच चित्रपटाचं संगीत माइल्स डेव्हिसनं ४ डिसेंबर १९५७ च्या रात्रीपासून पहाटेपर्यंत चार वादकांबरोबर, पडद्यावर प्रसंग फिरते ठेवून, बघत-बघत वाजवलं. हातात होते ते थोडे स्वररचनेचे आराखडे. पूर्ण लिहिलेलं संगीत नव्हतं, आणि कोरा कागदही नव्हता.

आता टेकचा क्रम, कारण तुमचं संकलन इथेच फसलं. तुमच्या दोन टेकमध्ये सामाईक अशी एकही जागा नव्हती. पहिला टेक हेड समजा. कॅमेरा स्टँडवर, रुंद, प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत, तालमीत ठरला तसा. हा टेक चित्रपटात कदाचित वापराल, कदाचित नाही, पण यात कोण कोणत्या शब्दावर उठलं, पेला कोणत्या हातात होता, दार कधी उघडलं हे कागदावर येतं. मग दिग्दर्शकाबरोबर बसून चार मिनिटांत चार किंवा पाच टप्पे ठरवा, जिथे प्रसंग वळतो: आरोप, गप्पपणा, पत्र टेबलावर ठेवणं, बहिणीचं दाराकडे जाणं. या टप्प्यांवर कॅमेरा कुठे असायला हवा ते ठरवा, निदान कोणाच्या चेहऱ्यावर आणि किती जवळ. हे तुमचे कॉर्डबदल. मधल्या वाटा मोकळ्या.

पुढच्या टेकला कॅमेरा हातात घ्या आणि पूर्ण प्रसंग बहिणीबरोबर राहा. त्याच्या पुढच्या टेकला भावाबरोबर. चौथा टेक दोघांमध्ये मोकळा. प्रत्येक टेकला एकच गोष्ट सोडायची हा नियम पाळा. अंतर मोकळं असेल तर कोणाबरोबर राहायचं ते पक्कं. तेही मोकळं असेल तर नटांच्या जागा पक्क्या. आणि प्रत्येक हालचालीच्या आधी आणि नंतर निदान दोन सेकंद कॅमेरा स्थिर ठेवा. संकलकाला चालत्या कॅमेऱ्यावरून चालत्या कॅमेऱ्यावर कापता येतं, पण दिशा आणि वेग जुळले तरच, आणि मोकळ्या टेकमध्ये ते क्वचित जुळतात. टप्पे सामाईक असले की बहिणीच्या टेकमधून भावाच्या टेकमध्ये पत्राच्या क्षणी उडी मारता येते. तुमच्या साहित्यात हीच उडी मारायला जागा नव्हती.

काय बिघडतं तेही सांगतो. हाताचा कॅमेरा उगाच हलत राहणं हा सगळ्यांत मोठा रोग. पियानोवादकानं प्रत्येक ठोक्यावर कॉर्ड टाकल्यासारखं होतं, पुढच्याला श्वास मिळत नाही. नट स्थिर असेल तर तुम्हीही स्थिर; कोपर बरगडीला टेकवा, गुडघे थोडे मोकळे, श्वास पोटानं. फारच हलका कॅमेरा असेल तर मागे वजन लावा, जड कॅमेरा कमी थरथरतो. दुसरा बिघाड, फ्रेम चुकली की झटक्यानं दुरुस्त करणं. जॅझमध्ये चुकीचा लागलेला स्वर पुढच्या स्वरानं सावरला जातो, आणि तो कुठे नेला यावर ती चूक ठरते की वळण. पॅन थोडा पुढे गेला तर मागे ओढू नका. तिथेच क्षणभर थांबा, रिकाम्या खुर्चीवर, दारावर, आणि नटाला फ्रेममध्ये येऊ द्या, किंवा त्याच संथ वेगानं परत या. झटका कापावाच लागतो. पूर्ण केलेली हालचाल बहुतेक वेळा वापरता येते.

तिसरा बिघाड वेगाचा. २४ फ्रेम्स आणि १८० अंश शटरवर मध्यम वेगाचा पॅन पडद्यावर ठेचकाळतो. जुना अंदाज असा की एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सातेक सेकंद लागावेत. त्याहून वेगात जायचं तर चालत्या माणसाबरोबर जा, मग डोळा माणसाला धरून राहतो आणि मागची पार्श्वभूमी ठेचकाळलेली जाणवत नाही. किंवा इतक्या वेगात जा की सगळं पुसून जाईल.

सराव कसा करावा हेही तुम्ही विचारलंय. जॅझवादक दुसऱ्याचा विस्तार ऐकून स्वर-स्वर उतरवून काढतात आणि मग तो वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवतात. आपण तेच करायचं. आवडता दोन मिनिटांचा प्रसंग आवाज बंद करून लावा. खोलीचा आराखडा काढा, प्रत्येक शॉटला कॅमेरा कुठे होता ते मांडा, नाकाच्या सावलीवरून आणि डोळ्यांतल्या प्रतिबिंबावरून दिवे कुठे होते ते शोधा, हालचाल कृतीच्या किती फ्रेम्स आधी किंवा नंतर सुरू झाली ते मोजा. मग तोच आराखडा तुमच्या खोलीत एका दिव्यात करा. मग दिवा समोरच्या बाजूला नेऊन पुन्हा करा, हीच पट्टी बदलणं. हाताच्या सरावासाठी मेट्रोनोम लावा, मिनिटाला ६० ठोके: चार ठोक्यांत ९० अंशांचा पॅन, पाचव्या ठोक्यावर थांबायचं, ओलांडून मागे यायचं नाही. जमलं की तेच ८ ठोक्यांत, मग दोनात. संथ पॅन जास्त अवघड असतो हे लगेच कळेल. चाकांचा गिअर्ड हेड (चाकं फिरवून कॅमेरा वळवणारं स्टँडचं डोकं) शिकताना ऑपरेटर इंग्रजी आठाचा आकडा गिरवत बसतात. हातानं वळवायच्या फ्लुइड हेडवरही तो व्यायाम उत्तम आहे, कारण त्यात पॅन आणि टिल्ट (कॅमेरा वर-खाली वळवणं) एकाच वेळी वेग बदलतात.

तुलना कुठे थांबते तेही लक्षात असू द्या. मंचावर वाजलेला स्वर तिथेच ऐकला जातो. तुमचा शॉट संकलनात अर्धा होईल, उलटा लागेल, त्यावर दुसऱ्याच प्रसंगाचा आवाज येईल. वादकाला जो अंतिम ताल हातात असतो तो तुमच्या हातात नाही, तो संकलकाच्या हातात आहे. म्हणून मोकळा टेक कितीही चांगला गेला तरी तो एकटाच देऊ नका.

तुमचा प्रसंग पुन्हा करणार असाल तर या क्रमानं करा. आदल्या दिवशी दिग्दर्शक आणि दोन्ही नटांबरोबर खोलीत तालीम, कॅमेऱ्याशिवाय. पाच टप्पे कागदावर. सकाळी खिडकीबाहेर दिवा जमेल तितका लांब, डिफ्यूजन दिव्याजवळ, चौथ्या भिंतीवर काळा कपडा. हातात प्रकाश मोजायचा मीटर घेऊन खोलीत चालून पाहा: खिडकीपासून १ मीटरवर, २ मीटरवर, ३ मीटरवर आकडे लिहून ठेवा, फरक एक स्टॉपच्या आत आला की दिव्याला हात लावू नका. ३५ मिमी, टी ४. फोकस पुलरला जमिनीवर अंतरांच्या खुणा करू द्या आणि एक तालीम फक्त त्याच्यासाठी ठेवा. मग चार टेक वर सांगितल्याप्रमाणे, आणि वेळ उरला तर पाचवा, ज्यात फक्त ऐकणाऱ्याचा चेहरा, संवाद फ्रेमबाहेर. प्रत्येक टेकनंतर कोणता टप्पा चुकला तेवढंच बोला. आणि संकलकाला साहित्य देताना टप्प्यांचा तो कागद बरोबर द्या, प्रत्येक टप्प्यासमोर चारही टेकचे टाइमकोड (तो क्षण टेकमध्ये कुठे आहे ते सांगणारे आकडे) लिहून.